तिसरा पाय

लीड्सहून केटली आली गिरजाबाई नन्नावरेंच्या घरी,
स्वेटरात गुंडाळलेली. पोरगी तिकडे नर्स आहे.
प्लग म्हणजे नुसतं ढेकूळ:
चौकोनी पितळी पाय, वरचा उभा, खालचे दोन आडवे.
आपल्या बोर्डाला गोल भोकं.
"काहून घुसत नाही जी हे?" बाई म्हणाल्या,
जणू पाहुणा ओट्यापर्यंत येऊन अडला.

धाकट्या सुखदेवनं चिमूरच्या बाजारातून
साठ रुपयांचं अ‍ॅडॅप्टर आणून ठेवलं होतं.
मी उलटं करून पाहिलं.
पाय दोनच; तिसऱ्याच्या जागी प्लास्टिकचा ठोंब,
बुजगावण्याला असतो तसा हात.
म्हटलं, "हे पोरांना खेळायला दे.
नाही, पोरांनाही नको."

मी आयटीआयचा वायरमन, सव्वीस वर्षं झाली.
परदेश पाहिला नाही,
पण प्लग उघडला की देश थोडा कळतो.
एक स्क्रू काढला.
आत चिनी मातीचा इवलासा फ्यूज, तेरा अँपिअर.
तिकडे कोणीतरी बसून विचार केला असेल:
फ्यूज जाईल तर जाऊ दे, घर नको जायला.
भिंतीतल्या भोकांना झडप असते म्हणे;
लांब पाय आधी शिरतो, झडप उघडतो,
मग बाकीच्या दोघांना वाट.
आणि इकडे दोन उघड्या तारा, आगपेटीच्या दोन काड्या,
"झालं नं चालू, पाह्य!"
ह्या हातांनी अशा किती काड्या उपसल्या.
एकदा तर मांडवात, नवरदेव स्टेजवर असताना.

पण खोटं कशाला बोलू.
आपल्या प्लगचाही तिसरा पाय लांबच आहे, जाडही.
दोन्ही देश एकच सांगतात:
आधी मातीला भेट, मग विजेला.
निघताना विजेला आधी सोड, मातीला शेवटी.

म्हणून बोर्ड उघडला.
हिरवी तार होती.
दोन वीत आत जाऊन भिंतीतच संपली होती,
टोकाला टेप, नीट गुंडाळलेला.
टेपाची ती घडी मी ओळखली.
तेव्हा बाईंनी विचारलं होतं,
"थोडे पैसे वाचतील का जी?"
मी म्हटलं होतं, वाचतील.

तेरा उन्हाळे.
तेरा उन्हाळे ह्या बोर्डावरचा कूलर चिमटे घेतो
आणि गिरजाबाई त्यात पाणी टाकताना
आधी चप्पल घालतात, मग बादली उचलतात.
त्यांना वाटतं, कूलर असतातच असे.
पोरीलाही तेच शिकवलं.
तिकडे गेल्यावर सुरुवातीला ती
केटलीला हात लावण्याआधी चप्पल शोधायची,
मैत्रिणी हसायच्या,
हे सांगताना बाईही हसल्या.
मी स्क्रू मोजत राहिलो.

चार वाजता न्हाणीमागे खणायला घेतलं,
जिथं सांडपाणी मुरतं.
बाकी जमीन मे महिन्याची, सब्बल टणकन् परत येई.
जीआयचा पाइप, मीठ, चुलीतला कोळसा,
परत मीठ, परत कोळसा.
सुखदेव म्हणाला, "काका, लोणचं घालून राहिले का?"
किती झाले विचारलं तेव्हा म्हटलं,
तेरा वर्षांपूर्वीच मिळाले.
बाईंना ते कळलं नाही.
मीही उलगडून सांगितलं नाही.

विलायती प्लग कापला,
सोळा अँपिअरचा आपला जाडा बसवला.
कापलेला माझ्या पेटीत आहे;
इथल्या कुठल्याच भिंतीत तो शिरत नाही, तेवढं बरं.
दिवेलागणीला व्होल्टेज एकशे साठ.
केटली कुरकुरत राहिली, लीड्सच्या दुप्पट वेळ,
पण पाणी उकळलं.

मग टेस्टर लावला कूलरला. दिवा लागला नाही.
मग मी लावला, हाताची मागची बाजू.
मग म्हटलं, "आता तुम्ही."
बाईंनी सवयीनं पायात चप्पल सरकवली.
"काढा," मी म्हटलं.
त्या कूलरकडे पाहत राहिल्या,
पोरगी गेली त्या दिवशी एसटीकडे पाहत होत्या तशा.
मग त्यांनी एक चप्पल काढली.